उस्तादांची नजर

आमचं गाव करमाडच्या पलीकडं, रोडपासून लई आत. आजा मेंढरामागं, बाप मेंढरामागं, माझ्याबी नशिबात तेच व्हतं, पण लोकर अंगाला लागली की मला पुरळ उठायचं, मग बाप म्हणाला, ह्याला शहरात कुठंतरी चिकटवा, हे रानातलं माणूस नाय. आयटीआय केलं, फ्रिज-एसीचं. तिथं पाने धरायला शिकलो म्हणा, बाकी समदं शिकवलं ते खलील उस्तादांनी. शहागंजात राहतात. माणूस तापट, हातातला पाना फेकून मारायचा, पण जेवायला बसला की आपल्या डब्यातलं आधी माझ्या झाकणात वाढायचा. अठरा वर्षं म्या त्यांच्यासंगं काढली, बापासंगं बी येवढी नाय काढली.

उस्तादांचा एक कायदा व्हता. नवा कॉम्प्रेसर आला की त्याच्या पाइपाच्या तोंडाला रबरी टोप्या असतात, त्या जोडायच्या घडीपर्यंत काढायच्या नाय. त्यातलं तेल हवेतली ओल ओढून घेतं, आन् ओल आत गेली की तेच तेल आतली तार खातं. उस्ताद म्हणायचे, ढक्कन खोला तो समझो रोजा टूटा.

आता ऐका. बीड बायपासला एक मंगल कार्यालय, नाव नाय सांगत. गच्चीवर एकच मोठी मशीन आन् तिच्यावर चालणारे खाली चौदा एसी. म्हणजे वरचा कॉम्प्रेसर गेला की चौदाच्या चौदा गप. तसाच तो जळला, ऐन उन्हाळ्यात, आन् दोन दिवसांवर लग्न. जुना काढला, लाइन धुतली, नवा गच्चीवर चढवला. उस्ताद म्हणाले, बाळू, आज जोडणी तू कर, मैं नीचे चौदा देख के आता. मला लई भारी वाटलं. पहिल्यांदाच येवढं मोठं काम माझ्या हातात दिलं व्हतं.

त्या भारीपणातच म्या टोप्या काढून ठेवल्या. म्हणलं उस्ताद येईस्तोवर समदं तयार दिसलं पायजे. तेवढ्यात मालकाची आई ताट घेऊन आली, नव्या मशीनची पूजा केल्याबिगर हात लावायचा नाय म्हणाली. आपल्याकडं तर रिक्षाबी पूजेबिगर रस्त्यावर येत नाय. तिनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ माझ्या हातात दिला, म्हणाली, तूच फोड रं बाबा, तुझ्या हाताला यश येऊ दे. म्या मशीनच्या लोखंडी पायावर नारळ हाणला आन् पाणी उडालं ते सरळ उघड्या पाइपात.

आता काय सांगू तुम्हाला. उस्तादांना सांगावं तर आधी विचारणार, टोप्या कोणी काढल्या. आन् मग ते कॉम्प्रेसर लावूच देणार नाय. म्या फडक्यानं तोंड पुसलं, म्हणलं चार थेंब हायेत, पंप ओढून काढील. आन् जोडणी करून टाकली.

जोडणी झाली की पंपानं लाइनीतली हवा, ओल समदी ओढायची, पंप बंद करायचा आन् गेजच्या सुईपुढं बसायचं. सुई जागची हलली नाय तर काम पक्कं. उस्ताद सुईपुढं बसले. बराच वेळ झाला आन् म्हणाले, चढी रे. चढ के रुक गई. लीकेज होता तो रुकती नहीं. पानी है अंदर. कल तक पंप चलने दे. त्या माणसानं नुस्त्या सुईवरून माझा नारळ ओळखला बघा.

मालक डोक्यावर उभा. म्हणाला, उद्या सकाळी वऱ्हाड येतंय. म्या म्हणलं, उस्ताद, सुई हललीच नाय. तुमची नजर हलली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. तेरेकू नहीं दिखी? म्या म्हणलं, नाय. बस, माझ्यावर इश्वास ठेवला. स्वतः काट्यावर तोलून गॅस भरला, मशीन चालू केली.

लग्न झालं गारेगार. पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसर जाम. खोलला तर तेल काळं, करपल्याचा वास. उस्तादांनी समद्यांपुढं मला विचारलं, बाळू, सच बोल, सुई हिली थी? सांगायची ती येळ व्हती. म्या म्हणलं, नाय उस्ताद.  उस्ताद मालकाकडं वळून म्हणाले, मेरी गलती है साहब. जिसकू रुकी हुई सुई हिलती दिखी, उसने गॅस का काटा भी गलत पढ़ा होगा.

त्या दिवशी पान्यांची पेटी माझ्या हातात दिली आन् काम सोडलं. डॉक्टरनं तपासलं, नजर ठीक हाय म्हणाला. ते म्हणाले, डॉक्टर कू मशीन का क्या मालूम.

तिसरा कॉम्प्रेसर म्या एकट्यानं बसवला, तो चालला. आता माझं नाव हाय. पूजा म्हणलं की म्या आधी टोप्या बघतो आन् नारळ जिन्यात फोडायला लावतो. लोक म्हणतात, बाळूचं काम म्हणजे बघायला नको. ऐकलं की म्या उस्तादांची पेटी उचलतो आन् निघतो.

परवा गेलो व्हतो त्यांच्याकडं. मसूर निवडत बसले व्हते. येवढाले बारीक खडे, मला दिसंना, ते एकेक टिपून काढत व्हते. आन् भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून मला म्हणाले, कितने बजे रे? मेरी नजर का भरोसा नहीं. साडेपाच वाजलेले. म्या सांगितलं साडेपाच. ते म्हणाले, मेरेकू भी वहीच दिखरा था.

तुम्ही लिवताय ना, लिवा. उस्ताद उर्दूत शिकलेले, मराठी वाचता येत नाय त्यांना, पण त्यांची नात मराठी शाळेत जाती. तिच्या हातात हा कागद दीन आन् म्हणीन, आज्याला मोठ्यानं वाचून दाखव. म्या तिथंच बसून राहीन, उठून जायचा नाय. मग पाना फेकून मारू दे नायतर घराबाहेर काढू दे. सुई हलली व्हती, उस्ताद. तुम्हाला बरोबर दिसलं व्हतं.