एका हाताचे बूट

न्हाई न्हाई, कॉटवर नगं ठिवूस ते खोकं. नवं असलं म्हणून काय झालं, बूट ते बूटच, अंथरुणावर चढवत न्हाईत. खाली ठेव, भिताडाला लावून. आन् बस आता. कपिल मागं न्हाणीत हाय, त्याला येळ लागतोय — एकाच हातानं तांब्या वतायचा, त्याच हातानं साबण लावायचा, साबण निसटला की पुन्ना हुडकायचा. पाठ मी घासते. — बस की गं, उभी काय ऱ्हायलीस. साताऱ्यासनं उंब्रजपतोर एस्टीत उभीच आलीस काय? च्या टाकलाय. न्हाई म्हणू नगंस, ह्या दारातनं बिनच्याचं कोण गेलं न्हाई. माणूस कसंबी असूदे.

तर हे ते चकतीचं बूट. दाव बगू. आगं दाव, मी काय खाते का त्यास्नी. — हलकं हाईत की. नाडी न्हाईच म्हणायची? ही बारीक तार, आन् वर ही चकती — दाबायची, फिरवायची, टिक टिक टिक, आवळलं. आन् वर वडली की सैल. मामेभाऊ जर्मनीत असतोय व्हय तुझा? आसं. म्हंजे एका हाताचं काम. लय इचार केलास गं नीलिमा. त्याला पडून दोन वर्सं झाली, आन् आता सुचलं तुला. म्हणजे मी नावं ठिवत न्हाई. सुचलं हे बी लय झालं.

तवा दोर तुझ्याच हातात हुता न्हवं? वासोट्याच्या कड्याला. वर कपिल, खाली तू, मधी दोर. मी न्हाई म्हणत काय, गाव म्हणतंय. मी त्यास्नी म्हणते, आवं, पोरीची जात, हातात किती बळ आसंल, दोन मणाचा गडी वरनं आल्यावर ती तरी काय करंल. कपिल तर माझ्यावरच चिडला हुता. मिरजेला दवाखान्यात, अजून नीट डोळं उघडत नव्हतं, तरी म्हणतोय — आक्का, दगड सुटला, तिनं दोर धरला म्हणून मी जिता हाय, न्हाईतर खाली दरीत गेलो असतो, तिला सांग तेवढं, ती भायेर बसली आसंल, तिला सांग... — काय? मी सांगितलं न्हाई? न्हाई, तू भायेर हुतीस खरं, तीन दिस बाकड्यावर बसून हुतीस, बगितलं हुतं मी. ऱ्हायलं आसंल सांगायचं. माझं डोकं काय ठिकाणावर हुतं का तवा. — डोळं पूस. च्यात पडंल. आन् आता कळलं न्हवं, मग झालं.

उजवा हात खांद्यापासनं गेला त्याचा. शीर तुटली म्हणाले, परत येणार न्हाई. हात हाय पर न्हाई, दोरीनं बांधलेल्या भोपळ्यावानी लोंबतोय. आन् उजवा घोटा मोडला त्यो बी नीट बसला न्हाई. घरात चपलीवर फिरतोय, पर भायेर पडायचं म्हंजे घोट्यावर बूट आवळलेला पायजे, तसं डॉक्टरनंच सांगितलंय, न्हाईतर दहा पावलांत पाय मुरगाळतोय. आवळलेला बूट म्हंजे नाडी. नाडी म्हंजे दोन हात. आन् दोन हात म्हंजे आक्का.

मला येतंय बांधायला. आमचं वडील, दादा, पलटणीत हुतं, सुट्टीवर आलं की त्यांचं बूट मीच बांधायची, आडवी नाडी, सगळ्या भोकांत सारखा ताण, वर दोनदा गाठ. आता रोज सकाळी ह्याची अंघूळ झाली की त्यो कॉटवर, मी खाली. डावा, मग उजवा. मग त्याला घिऊन अंगणवाडीत जाते, माझ्या पोरांत बसवते, पोरांस्नी गोष्टी सांगतोय, वाघाच्या, गडाच्या. पोरं त्याच्या त्या मेल्या हाताला लोंबकाळत्यात. दुपारी घरी आलो की बूट सोडते. संध्याकाळी पारावर जायाचं म्हणाला तर पुन्ना बांधते. म्हंजे मला सवड असली तर. रोज कुटनं असायची सवड.

न्हाई, तसं मिरजेला त्याला शिकवलं हुतं एकानं. तिथं हात गेलेला एक फौजी हुता, त्यानं दावलं — नाडीच्या एका टोकाला गाठ मारायची, ती खालच्या भोकात अडकवायची, दुसरं टोक नागमोडी वर न्यायचं आन् वरच्या घडीत खुपसायचं. एक हात पुरतोय. घरी आला तवा लय खूश, आक्का बग, आक्का बग, बारक्या पोरासारखा. पंधरा-पंधरा मिंटं लागायची, घामाघूम व्हायचा, पर बांधायचा. मी म्हणलं, नाड्या मळल्यात रं, धुवाय काढते. धुतल्या. घालताना गाठ सोडली आन् माझ्या पद्धतीनं घातल्या. त्यानं पुन्ना गाठ मारली, दातानं. मी पुन्ना धुतल्या. — तशी मळत्यातच की नाड्या, रस्ता कसला हाय आमचा. चार-पाच बारी झालं असंल, मग त्यानंच नाद सोडला. पाय म्होरं करून बसाया लागला. मला बी बरं वाटलं. लेकराला धडपडताना बगवत न्हाई.

असं बगू नगंस माझ्याकडं. तुला काय ठावं हाय गं? आई गेली तवा ह्याला दात आलेला न्हवता. मी सातवीतनं घरी बसले. आष्ट्याचं एक स्थळ आलं हुतं मला, चांगलं, गिरणी हुती त्यांची, माणूस बी चांगला हुता. त्याच्या आईनं इचारलं, पोरगी एकटीच येणार का पाठीवर भावाला घिऊन? मी आतनं ऐकलं. दादांनी मान खाली घातली. मी भायेर आले आन् सांगितलं, भावाला घिऊन. उठून गेली ती. पोह्याच्या बश्या तशाच. तवापासनं ह्यो माझा हाय. मग ह्यो मोठा झाला, साताऱ्याला शिकाय गेला, गड काय, दोर काय, आन् तू काय. सणाला आला तर दुसऱ्या दिशी पळायचा. दादांच्या माघारी आक्का एकटी हाय हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. आता दोन वर्सं झाली, एक दिस घर सोडून न्हाई.

जालिंदरनं निरोप पाठवला हुता न्हवं तुमच्या त्या गड चढणाऱ्या मंडळाचा, वसंतगडावर जायाचं, कपिलला घिऊन? तू बी येणार हुतीस म्हणं. पाटंपास्नं तयार हुन बसला हुता. मी डावा बूट बांधला आन् दूध वर आलं म्हणून आत गेले. — न्हाई, दूध न्हवतं. काय तरी हुतं. भायेर तुमची जीप वाजती, वाजती. ह्यो उंबऱ्यावर, एक बूट बांधलेला, एक उघडा, हाक मारतोय आक्का, आक्का. नुसत्या त्या पायावर उतरला असता तर पडला असता, मग? जालिंदर आत आला तवा मीच सांगितलं, त्याची इच्छा न्हाई, त्याला तुमच्यात यायाची लाज वाटती. खरं वाटलं त्यास्नी. आन् त्यो? त्यो काय बोलला न्हाई. बोलला असता तर मी बांधला असता.

आता तू म्हणतीस साताऱ्याच्या शाळंत नोकरी हाय. पोरांस्नी डोंगरावर न्यायाचं, ऱ्हायाला खोली, अट एकच, स्वताचं स्वताला करता आलं पायजे. आन् सगळं येतंय त्याला, फकस्त बूट अडला हुता. त्यो तू आणलास. शानी हाईस.

आला बग. — कपिल, ये रं. कोण आलंय बग. केस पूस आदी, पाणी गळतंय. बस. न्हाई, तिच्याकडं नगं बगू, बुटाकडं बग. तुला आणलंय. घाल की, मी काय बोलत न्हाई. — गेला पाय? आता ती चकती दाब. फिरव. — आसं. दुसरा. — चाल बगू दारापतोर. — चालला की गं. घोटा बी वाकडा हुईना. खांदा कसा वर काढून चाललाय, पडायच्या आदी चालायचा तसा. हसतूय बी.

हां. आता ऐका दोगं. कपिल, जायाचं आसंल तर जा. मी आडवी पडत न्हाई. पर ह्या बुटानं उंबरा वलांडलास तर परत ह्या घरात पाय ठिवायचा न्हाई. तापानं फणफणलास तरी न्हाई. मी मेले तरी मातीला यायचं न्हाई. आन् ही कंटाळंल रं. आज न्हाई, उद्या न्हाई, पर कंटाळंल. बाईमाणूस हाय, मेलेला हात रोज उशाला घिऊन निजायचं म्हंजे सोपं हाय का? मग कुठं बसशील? चकती भाकरी करून घालत न्हाई. चकती पाठ घासत न्हाई. आन् डाव्या हाताची नखं? उजवीकडची तूच काढतोस, डावीकडची कोण काढतंय? सांग हिला. — सांग की. खाली नगं बगू. कोण काढतंय? — ऐकू आलं न्हाई तिला, मोठ्यानं सांग. — आक्का. ऐकलंस न्हवं, नीलिमा?

— बसलास? बस. दमला असशील. — वडली चकती. एक सैल झाला. दुसरा बी. — बगितलंस का गं, एका हातानं काढलं, माझी गरज बी लागली न्हाई. झ्याक हाईत बूट, उगाच नावं ठिवायची न्हाईत. खोक्यात भर आन् घिऊन जा, कुणाच्या तरी उपेगाला येतील. न्हाई, त्याच्याशी काय बोलू नगंस आता. त्यो बोलणार न्हाई. च्या पिलीस न्हवं? मग ऊठ. हायवेला हात केलास तर साताऱ्याची गाडी थांबती. मला अंगणवाडी उघडायची हाय, पोरं येऊन दारात बसली असतील.

जाताना दार लोटून घे. — कपिल, पाय म्होरं कर.