खो मिळायच्या आधी

(तासगावजवळचं एक घर. ओट्यावर बिरदेव बोटं उघडी धरून बसलाय. त्या बोटांच्या मधोमध फूटपट्टी लोंबती धरून त्याची मुलगी सोनिया उभी.)

बिरदेव : आता ही धरली तर रविवारच्या खो-खोला मी हाय. ठरलं न्हवं?

सोनिया : बघू म्हटलं होतं, आप्पा. धरा, सोडते.

बिरदेव : गेली. खालची कोंबडी बी हसली बघ मला.

सोनिया : हे बघा, पट्टी सुटलेली दिसायला वेळ लागतो, मेंदूनं हुकूम द्यायला वेळ लागतो, मग अंग हलायला वेगळा वेळ. तुमचा मेंदू चांगला आहे. हलायलाच उशीर होतोय.

बिरदेव : म्हंजी फोन वाजतोय, पर उचलायला घरात कोन न्हाई.

सोनिया : तसंच. म्हणून तर मागच्या मॅचला पाटणच्या टीमसमोर खो मिळायच्या आधीच उठत होता.

बिरदेव : गुडघं दुखत्यात, म्हनून जरा लवकर निघालो. एस.टी. धरायची सवय. मागनं येनाऱ्याच्या पावलावरनं मला कळतंय गं, ह्यो आता खो देनार.

सोनिया : कळलं तरी बसून राहायचं असतं. फाऊलवर फाऊल झाले. मॅच गेली.

बिरदेव : शेवटी पंचानं नुसती शिट्टी तोंडात धरली आनि मी खाली बसलो. तेवढंच काय ते चपळाईनं केलं.

सोनिया : हसवू नका. पट्टीकडे बघा. धरली? परत सोडते. परत धरली? आता कशी काय धरताय?

बिरदेव : पट्टीकडं कोन बघतंय. सोडायच्या आधी तू श्वास रोखतीस.

सोनिया : हा पण फाऊलच.

बिरदेव : ल्हानपनापासनं रोखतीस. काय वंगाळ सांगायचं असलं की. आज तर सकाळपासनं रोखलायस.

सोनिया : आप्पा, टीमला ट्रेनिंग मी देते, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं. रविवारी तुमच्या जागी...

बिरदेव : साईराज. चांगला हाय, बसून ऱ्हातो. जर्सी धुऊन सकाळीच दिली त्याला.

सोनिया : माहीत होतं, तर मग मघापासनं पट्टी कशाला धरताय?

बिरदेव : लय सवय गं. वाटलं, जर्सी देऊन ह्या खेपेला बी खो मिळायच्या आधीच उठलो आसंन.