अगाथाच्या ताटातले पाव

नाही म्हणजे नाही! ते ड्रिल आधी खाली ठेवा, मग बोला. भिंत माझ्या दुकानाची आहे, शिवायला आलेले कपडे धुळीनं माखतील, मग गिऱ्हाइकं माझा जीव खातील — आणि ही ‘संत अगाथा रस्ता’ची जुनी पाटी काढताय कशासाठी? साहेबांचा हुकूम? असेल. नवी बघू. ‘फुलबाग रस्ता’! कुठंय बाग? अहो भाऊ, या गल्लीत एक कुंडी दाखवा, मी स्वतः तुमची शिडी धरते!

का काढताय ते ठाऊक आहे मला. नाव बदलायच्या सभेत होते मी. शाळेच्या बाई उठल्या नि म्हणाल्या, मुलं विचारतात संत अगाथा कोण, तर काय सांगायचं? सांगा की! एका बड्या अधिकाऱ्याला ती नाही म्हणाली, म्हणून त्यानं तिचे स्तन कापायला लावले — झालं! उच्चारला मी शब्द, आभाळ कोसळलं का? पण सभेत सगळे खाली माना घालून आपापल्या चपला बघत बसले, जशा काही आजच घेतल्यात.

कोपऱ्यावरचा तिचा पुतळा बघितलात? हातात ताट, ताटात दोन गोल. लहानपणी आम्ही दोघी बहिणी विचारायचो, आई, हे काय गं? ‘पाव आहेत, गरिबांना वाटायला. चला.’ पाव! ताईचं लग्न झालं, पोरं झाली, तरी तिच्या लेखी ते पावच. मग तिला गाठ आली. सांगितलं कुणाला? नवऱ्याला नाही, डॉक्टरला नाही, मला — पाठच्या बहिणीला — नाही! इथंच, या टेबलापाशी माप घेत होते मी तिचं, टेप छातीशी आवळला तशी कळवळली. म्हणते, ‘असू दे गं, लाज वाटते.’ मरायची नाही वाटली, सांगायची वाटली! ओढत नेली दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार उशीर केलात. अगदी शेवटी, खिडकीतून पुतळ्याकडं बघत विचारलं तिनं — ‘ते पाव नाहीत ना गं?’ तेव्हा कळलं तिला. तेव्हा!

आणि तुम्ही निघालात फुलं लावायला. म्हणजे पुढच्या पोरींनी विचारायलाच नको. झाका, दडपा, गप्प बसा! आणि गप्प बसलं की काय होतं — अंघोळीला बसावं, हाताला काहीतरी लागावं, हात झटकावा, पुन्हा चाचपावं, पुन्हा झटकावा, नवरा दाराबाहेरून विचारतोय किती वेळ, आणि आपण आपले साबण लावतोय, साबण लावतोय —

ताईचं. ताईचंच सांगतेय मी.

बघताय काय असे? नवऱ्याला नाही सांगितलं अजून, तुम्ही कोण? ... उतरा. उतरा म्हणते ना! शिडी घ्या बाजूला, शटर ओढायचंय मला. दवाखाना उघडा असेल अजून.

निघा. उरलेलं भांडण उद्या.