साहेबाचा कोच अन् कुसुमचे पाहुणे

माझं माहेर गिरडकडचं, टेकडीच्या खाली आमचं वावर होतं, अन् भ्यायची सवय मले तिथलीच. कपाशीच्या पऱ्हाटीत वाऱ्यानं पान हाललं तरी मी बापाचं धोतर धरत होती. माय म्हणे, ही पोरगी सासरी कशी नांदन. सासर भेटलं हिंगणघाटचं, आमचे हे जिनिंगात कारकून, घरात सासू अन् नणंद कुसुम, एवढाच पसारा. मले वाटलं चला, शहरात चाललो, आता किडामुंगी सुटली. काय सांगू तुम्हाले, मानसानं असं काई मनात आणूच नये.

कोचाचं सांगाचं त आधी कुसुमचं सांगा लागते. कुसुम दिसाले बरी, सातवी शिकलेली, पण बोलाले फटकळ, अन् वय वाढून राह्यलं होतं. पाहुणे येत, सतरंजीवर बसत, पोहे खात, कळवतो म्हणत अन् जे जात ते जातच. एका ठिकाणच्यांनी त मध्यस्थाजवळ बोलूनच दाखवलं का कारकुनाचं घर म्हणता अन् बसाले धड जागा नाई, गुडघे मोडून बसा लागते. त्या दिवशी सासू जेवली नाई. कुसुम मात्र जेवली, वरून म्हणे, बरं झालं माय, ज्याचे गुडघे दुखते त्याच्या घरी मी जाऊन काय पाय दाबत बसू.

त्याच सालात गिरणीतला गोरा साहेब विलायतेले निघून गेला अन् त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा हर्रास निघाला. तवा आपण अजून नागपूरच्याच राज्यात होतो, मुंबईले जोडले नव्हतो. आमचे हे म्हणाले चाल, पाहून त येऊ. आता जुना कोच कसा निवडाचा हे मले कोणी शिकवलं होतं? मी वांगं घ्यावं तसा घेतला, दाबून पाहिला, ठोकून पाहिला, खाली वाकून पाय पाहिले. पाय सागवानाचे, वाघाच्या पंजावाणी कोरलेले, ते पाहून जरा भ्यालीच मी, पण म्हटलं लाकडाचा वाघ काय करते. हिरवं कापड, पाठ गोल, बसलं का अंदर इस्प्रिंगा कुरकुरत. आमचे हे म्हणाले, याच्यावर बसलं का मी साहेब दिसतो काय? मी म्हटलं, नाई, पण कोच कोच दिसते. बैलाच्या बंडीत घालून आणला. सारी गल्ली पाहाले आली.

घरी सासूनं कोपऱ्यातली शिवण उसवून पाहिली त अंदर काळे काळे केस. घोड्याचे केस भरत म्हणे ते लोक. सासूनं हातच झटकला. म्हणे, मेल्या घोड्यावर माह्या पोरीचे पाहुणे बसवता काय? झालं, सारे केस काढून नाल्यात टाकले. आता अंदर भराचं काय? पिंजाऱ्याले दिवाळीपासून रजयांमधून दम नव्हता. माझ्या भावानं बंडीभर गठडी पाठवली, घरचाच कापूस, पण सरकी काढेल नाई. सासू म्हणे, राहू दे सरकी, तेवढाच टणक बसन. भरला ठासून, खालून तरट ठोकलं. कापसाच्या गावात कोचात कापूस भरला, यात कोणाचं काय चुकलं ते तुमीच सांगा. पण सरकीले उंदीर येते, अन् उंदरामागं कोण येते हे शेतकऱ्याच्या पोरीच्या ध्यानात याले पाह्यजे होतं. नाई आलं.

दुपारी सामसूम झाली का कोचात खसखस होत जाय. सासू म्हणे उंदरं हायेत. मंग एक दिवस ती खसखस बंदच झाली. सासू म्हणे मांजरीनं खाल्ले असतीन. आमच्या घरी मांजर नव्हती.

फागणात समुद्रपूरचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, संगं त्याचा बाप अन् म्हातारी आत्या, अन् सारं त्या आत्याच्याच शब्दावर चालते असं मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं. मोटारीनं आले. कोच पाहिला अन् तिघंही खुलले. आत्या बरोबर मधात बसली, बसल्या बसल्या दोनदा उसळून पाहिलं, म्हणे बाप्पा, हे त झुल्यावाणी हाय. सासूनं माह्याकडं पाहिलं, म्हणजे शाबास म्हटलं.

मी डोक्यावर पदर घेऊन पाण्याचे गिलास घेऊन गेली. खाली ठेवाले वाकली त कोचाखाली नजर गेली. तरट एका जागी सुटलं होतं अन् तिथून सुतळीचा शेंडा लोंबत होता, करंगळीएवढा. म्हटलं पाहुण्यांच्या नजरेस पडाच्या आधी तोडून घ्यावा. हात पुढं केला, अन् ती सुतळी आपोआप वर निघून गेली.

मी सुनबाई, पाहुण्या मानसासमोर मी बोलत नाई, अन् बोलाचं त काय बोलाचं? शुभ कामात त्या जनावराचं नाव तोंडातून काढलं का स्थळ गेलं, आत्या अपशकुन म्हणून उठनच. अन् नाई बोलाचं त त्या म्हातारीच्या मांडीखाली ते वेटोळं. नाग का धामण, मले काय माहीत, मी फक्त शेंडा पाहिला होता. दाराआड येऊन मी बांगड्या वाजवल्या. आमचे हे तिथूनच म्हणतात, हो, चहा येऊन राह्यला. मी पुन्हा वाजवल्या. हे म्हणतात, साखर जास्त टाकाले सांगून राह्यली वाटते. शेवटी आले अंदर. मी कानात सांगतलं, कोचात किडा हाय. म्हणे, केवढा? मी म्हटलं, लंबा. ह्यांचा चेहरा असा उतरला का मलेच ह्यांची कीव आली. मी भित्री खरी, पण हे त माह्याही वर. तरी गेले बिचारे, म्हणाले, चला ना, बाहेर आंगणात बसू, हवा चांगली हाय. मुलाचा बाप म्हणे, छे, आमी या कोचावरून हालत नाई. अन् आत्या टाचा हालवून राह्यली, कोचाच्या खालच्या कापडाले टाचा लागून राह्यल्या, अन् एकेका टाचेसंगं माहा जीव खालीवर. मी मनातल्या मनात गिरडच्या टेकडीवरल्या बाबाले नवस बोलली, शेरभर साखर वाटीन म्हटलं, मंग वाटलं शेर कमी पडन, दोन शेर केली.

इकडं सासू कुसुमले आणाले आली. पाटाची जागा ठरलेली होती, बरोबर कोचासमोर, जिथं ती सुतळी लोंबत होती तिथंच. मी कुसुमचा हात धरला अन् सारं सांगून टाकलं. म्हटलं, पोट दुखते म्हणून सांग, जाऊ नोको. तिनं दुसऱ्या हातानं पदर सारखा केला. म्हणे, वयनी, मी नाई गेली त पोरीत खोट हाय म्हणतीन, अन् ते बसून राहतीन ते अलगच. सोड मले.

गेली. वाकून नमस्कार केला, दुरूनच. पाट उचलला, काखेत मारला, अन् सरळ बाहेर ओट्यावर नेऊन उन्हात मांडला. तिथूनच म्हणे, आत्याबाई, घरात अंधार हाय, मले उजेडात पाहा, मंग कोणी म्हणाले नको का दिवा लावून काळी पोरगी गोरी दाखवली.

सासूनं पदर तोंडात घातला. आता आत्या फणकारते अन् सारं संपते, असं मले वाटलं. पण आत्या उठली. भावाले म्हणे, उठ, बोलणारी पोरगी हाय, जवळून पाहू. अन् निघाले बाप्पा तिघंही बाहेर, एकामागं एक.

मी भिंतीले टेकली त मास्तर वापस. टोपी राह्यली होती त्यांची, कोचावर, आत्याच्या बाजूच्या जागेवर. हात लांबवला त्यांनी अन् मी परपुरुषाची बाही धरली, दोन्ही हातांनी. थांबा, कोचात जनावर हाय. एवढंच बोलली. त्याच वेळी टोपीखालची गादी हळूच फुगली, जसं झोपेतलं मानूस कूस बदलते, अन् परत बसली. मास्तरनं हात मागं घेतला. मंग हळू आवाजात म्हणतात, वयनी, हे मघापासूनच हालून राह्यलं होतं, मी मनाले समजावून राह्यलो होतो का इस्प्रिंग हाय. मी म्हटलं, मंग उठले काऊन नाई? म्हणे, उठलो असतो त तुमच्या घरच्यांनी म्हटलं असतं का पाहुण्याले कोच पसंत पडला नाई.

आमच्या ह्यांनी हाक मारली अन् पुढचं सारं शेजाऱ्यांनी केलं. पायाले दोर बांधून कोच मागच्या आंगणात ओढला, बांबूनं कलता केला. निघालं ते, अन् निघतच राह्यलं, संपेचना. काहीजण म्हणाले धामण, काहीजण म्हणाले नाग. मले इचारू नका, मी डोळे मिटून होती. सासूनं हात जोडले, मारू कोणाले देल्लं नाई, ते काटक्यांच्या ढिगात गेलं.

आत्या ओट्यावर बसकण मारून बसली होती. कुसुमले जवळ बोलावून म्हणे, तुले ठाऊक होतं? कुसुम म्हणे, हो. मंग वरडली काऊन नाई? कुसुम म्हणे, वरडली असती त तुमी भेऊन पाय वर कोचावर घेतले असते, त्याच्याच अंगावर. आत्या तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणे, आमच्या घरी येजो वो माय, आमच्या घरी सारेच वरडणारे हायेत.

आता राज्य मुंबईचं झालं. कुसुम बाळंतपणाले आली होती, सव्वा महिना होऊन गेला, पण एसटीत ओलं लेकरू घेऊन नको जाऊ म्हणून मीच ठेवून घेतली हाय. कोच हायच. सारा कापूस काढून अंदर फळ्या ठोकल्या, वर गोधडी घातली, आता कुरकुरतही नाई. कुसुम काय करते, दुपारी लेकीले त्याच्यावरच निजवते अन् आपण अंदर जाऊन घोरते. मी म्हटलं बाई, खाली निजव, त म्हणे वयनी, फळीत काय शिरते. बरोबर हाय तिचं. शिरत नाई काई. तरी मी तिथं खाली भिंतीले टेकून बसते, हातात तांदूळ निवडाले घेते अन् एक दाणाही निवडत नाई, कान लावून असते. पोरीनं झोपेत पाय झाडला तरी मी वाकून कोचाखाली पाहते. नावं ठेवा मले खुशाल. लेकराची झोप होऊ द्या बाप्पा, तेवढा वेळ मी जागी हाय.