व्याह्यांनी दिलेली टिप

...आणि वर घरचे मलाच विचारतात, "तुम्ही घेतलीत कशाला?" अहो, घेतली नाही हो, हात मिटला! घेणं वेगळं आणि हात मिटणं वेगळं. तुमच्या तोंडासमोर कुणी टाळी वाजवली तर पापणी मिटते की नाही? मग तिला विचारता का, बाई गं, मिटलीस कशाला? तसंच आहे हे. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं ह्या तळहातावर नोट टेकली की चार बोटं आपोआप खाली येतात, अंगठा वरून बसतो, मान एवढीशी लवते आणि तोंडातून "थँक यू सर" बाहेर पडतं. मला कुणी विचारतसुद्धा नाही, परस्पर होतं सगळं!

मी वेटर होतो. आधी वेटर आणि शेवटची अकरा वर्षं कॅप्टन. कॅप्टन म्हणजे बोटीवरचा नव्हे, काळा कोट घालून टेबलाशी उभा राहतो, ऑर्डर घेतो आणि दुसऱ्याच्या चुकीची माफी मागतो, तो. रिटायर झालो आणि धाकटीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिनंच पसंत केलेला, सरळ, हसरा, नाव ठेवायला जागा नाही. अडचण एकच, मुलाचे वडील! मोठ्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसून रिटायर झालेले, म्हणून आम्ही घरात त्यांना 'मोठे साहेब' म्हणायचो. त्यांनी मुलाला विचारलं, "मुलीचे वडील कशात होते?" तर आमच्या कन्येनं काय कळवावं? "हॉस्पिटॅलिटीत!" मी म्हटलं, अगं, सरळ वेटर म्हण की, लाजायचं काय त्यात? तर आमची ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, एकदा अक्षता पडू देत, मग गळ्यात पाटी अडकवून फिरा! तोवर हॉस्पिटॅलिटी!" आणि धाकटीनं... नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या पोरीला तो मुलगा मनापासून हवा होता, आणि माझ्यामुळे तो जातो की काय ह्या भीतीनं तिला चार दिवस जेवण गेलं नव्हतं. मग मी काय बोलणार? हॉस्पिटॅलिटी तर हॉस्पिटॅलिटी.

पण मी मनात म्हटलं, ते आमची परीक्षा घेणार, तर मी काय गप्प बसून पेपर लिहिणार? मीही त्यांची घेणार! माणूस कसा आहे ते मला टिप देताना कळतं. हसू नका, माझा अंदाज आजवर चुकलेला नाही. एक असतो तो हॉलभर ऐकू जाईल असं "ठेवा, ठेवा!" म्हणतो, आणि ठेवतो एवढंसं की ठेवायला जागाही लागत नाही. एक मोबाइल काढून टक्केवारी काढतो, ती भावजींना दाखवतो, भावजी मान हलवतात, मग त्यातलं थोडं कमी करतो. एक नुसता खांद्यावर थोपटतो, "छान सर्व्हिस हं!" त्या थोपटण्यानं माझा उजवा खांदा बोटभर खाली आलाय, शिंप्याला विचारा! आणि एक बाई होत्या, दर आठवड्याला यायच्या. नवरा नोट ठेवून पुढे गेला की रुमाल विसरल्यासारखं करून परत यायच्या, नोट उचलायच्या, नाणं ठेवायच्या आणि माझ्याकडे बघून गोड हसायच्या. मीही हसायचो. काय करणार?

बरं, आमच्या घरात तरी काय वेगळं आहे? आमची ही नळ दुरुस्त करणाऱ्याला चहाबरोबर दोन बिस्किटं देते आणि तिच्या मते टिप पोचली. तिसरं बिस्किट म्हणजे बोनस! मेहुणा माझा, तो न्हाव्याला टिप आधी देतो. आधी! केस कापायच्या आधी! म्हटलं, अरे, ही टिप नव्हे, हा कानाचा विमा!

खरी टिप कशी असते सांगू? नोटेची घडी तळहातात. हातात हात आल्यासारखा वाटला पाहिजे आणि सुटताना नोट इकडची तिकडे झालेली पाहिजे. देणाऱ्यानं नोटेकडे बघायचं नाही, घेणाऱ्यानंही बघायचं नाही. कुणाचा उपकार नाही, कुणाची लाचारी नाही. एकतीस वर्षांत अशी टिप देणारी फार तर पाच माणसं भेटली मला.

तर ठरलं, दुपारचं जेवण, सगळ्यांनी हॉटेलात भेटायचं. मुलगा आमच्या हिला आणि धाकटीला घ्यायला घरी येणार, त्याचे आईवडील परस्पर टॅक्सीनं येणार. आणि मी? मी अर्धा तास आधीच हजर! ड्युटीवर अर्धा तास आधी पोचायचं हे हाडात मुरलंय. निघताना हिनं दारात बजावलं होतं, "आज तुम्ही पाहुणे आहात. कुणाची ताटली उचलायची नाही, टेबलावरचे कण झाडायचे नाहीत, आणि टिप हा शब्द तोंडातून काढायचा नाही." बरं म्हटलं.

हॉटेलच्या दाराशी दरवान उभा. माझ्याच वयाचा, बूट घट्ट, एकदा ह्या पायावर भार, एकदा त्या. मला बघवेना! म्हटलं, "जा हो, आत बसून पाणी पिऊन या, मी आहे दाराशी." तो म्हणाला, "साहेब, कुणी आलं तर?" म्हटलं, "अहो, दार काय मला नवीन आहे?" गेला बिचारा. आणि मी उभा. ऊन होतं म्हणून कोट काढला, घडी करून हातावर घेतला, तो नेमका डाव्या हातावर! पांढरा शर्ट, काळी पँट, डाव्या हातावर घडी... आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्याचं काय चुकलं?

टॅक्सी थांबली, एक जोडपं उतरलं; मोठ्या साहेबांना मी तोवर कधी बघितलेलं नव्हतं. मी पुढे झालो, दार उघडलं, "या सर, या मॅडम," बाईंच्या हातातली पिशवी घेतली, आत नेलं, टेबल दाखवलं, बाईंची खुर्ची ओढली, बसता बसता अलगद पुढे सरकवली... आणि साहेबांचा हात आला. बघितलं नाही, बोलले नाहीत, तळहाताला तळहात, घडी केलेली नोट, आणि हात सुटला. अशी टिप! घेतली नाही हो, हात मिटला! "थँक यू सर!" बाजूला येऊन बघतो तर काय, मोठी नोट! सगळ्यात मोठी! माझ्या आयुष्यातली सगळ्यात देखणी टिप, आणि ती देणारे मोठे साहेब असणार हे माझ्या डोक्यात कधी आलं? तेवढ्यात बाई त्यांना म्हणाल्या, "मुलीचे वडील आले नाहीत वाटतं अजून?"

म्हणजे हेच मोठे साहेब! तसाच बाहेर पळालो. बाहेर आमची मंडळी उतरतच होती. झटकन कोट चढवला आणि त्यांच्या मागून, जसा काही आत्ताच आलो, असा परत आत! धाकटीनं ओळख करून दिली, "हे माझे बाबा." मोठ्या साहेबांनी हात पुढे केला, तोच हात, मीही केला, तोच हात, आणि... ओळखलं नाही! पाच मिनिटांपूर्वी टिप दिलेला माणूस! पण त्यात नवल नाही. वेटरचा हात दिसतो सगळ्यांना, चेहरा कुणाला दिसत नाही.

जेवण सुरू झालं आणि मी खुशीत! म्हटलं, ओळख पटली नाही, लेकीचं ठरल्यात जमा, आणि माणूस तर पाचातला सहावा निघाला. साहेब बोलायलाही चांगले. म्हणाले, "तुम्ही हॉस्पिटॅलिटीतले, तुम्हाला पटेल. ह्या काम करणाऱ्या लोकांकडे आपण माणूस म्हणून बघायला शिकलं पाहिजे." आणि बघत होते सुपाकडे. तरी मी मान हलवली. धाकटी मुलाशी हळू आवाजात हसत होती, चार दिवसांनी पहिल्यांदा पोटभर जेवत होती, बरं वाटलं हो.

गोड आलं, बिल आलं, साहेबांनी पाकीट उघडलं आणि चेहरा पडला. "टिपेची छोटी नोट इथंच आहे! म्हणजे आल्या आल्या मी... मोठी गेली! न बघता दिली आणि मोठी गेली!" म्हणजे? म्हणजे ती टिप चुकून होती! माझा एकतीस वर्षांचा अंदाज गेला की हो बाराच्या भावात! पण ते परवडलं, पुढचं ऐका. साहेब वेटरला म्हणाले, "तुमच्या त्या दारावरच्या माणसाला बोलवा. त्यानं सांगायला नको होतं? गुपचूप खिशात घातली!"

आला दरवान. घट्ट बूट, कपाळावर घाम. "साहेब, मी नाही घेतली." मॅनेजर आला, पोरसवदा, आवाज मधात बुडवलेला: "पाहुणे खोटं बोलतील का? खिसे दाखव." आणि त्या माणसानं खिशात हात घातला. असेच माझे खिसे एकदा भरल्या हॉलमध्ये बाहेर काढले होते, आणि त्यातून निघाला होता धाकटीच्या पेन्सिलीचा तुकडा. दरवान माझ्याकडे बघत होता. मी दाराशी होतो हे त्याला ठाऊक, आणि तरी गप्प. हिनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. धाकटीनं चमचा खाली ठेवला.

घरी मी सगळ्यांना ठासून सांगतो, घेतली नाही हो, हात मिटला. पण तिथं ते म्हणता आलं नाही. उभा राहिलो. एकतीस वर्षं उभाच होतो, मला वेळ लागत नाही उठायला. म्हटलं, "साहेब, मी घेतली. दाराशी मी होतो. मी वेटर होतो, हॉस्पिटॅलिटी वगैरे काही नाही, वेटर. ह्यांचे खिसे बघणं बंद करा."

नोट काढून टेबलावर ठेवली. मोठ्या साहेबांनी पहिल्यांदा माझा चेहरा बघितला, नीट, वरून खाली. मग ते धाकटीकडे वळले आणि मी मनात म्हटलं, झालं, बुडालं पोरीचं माझ्यापायी. "म्हणजे इतके दिवस आम्हाला..."

"अहो, आवाज कमी," त्यांची बायको म्हणाली. इतका वेळ ती बाई सहा शब्दांपलीकडे बोलली नव्हती! "मला आल्या आल्याच कळलं होतं, हे कोट घालून आत आले तेव्हा. पस्तीस वर्षांत तुम्ही एकदा तरी माझी खुर्ची ओढलीत का? मग जो ओढतो तो माझ्या लक्षात राहतो. ह्या घरातली मुलगी मला हवी." असं म्हणून ती मोठी नोट उचलली, दरवानाच्या हातात ठेवली, वर "माफ करा" म्हणाली, आणि साहेबांना म्हणाली, "आता तुम्हीही म्हणा." साहेबांनी म्हटलं! कचेरीतल्या कुणाला सांगितलंत तर विश्वास बसायचा नाही. धाकटी रडत होती, ही रडत होती, मुलगा मला वाकून नमस्कार करत होता, आणि मी? त्या नोटेकडे शेवटचं बघून घेतलं.

लग्न झालं, थाटात झालं. मोठे साहेब आता दर पंधरा दिवसांनी सहकुटुंब आमच्याकडे येतात. टॅक्सीचं दार मी उघडतो, पिशवी मी घेतो, विहीणबाईंची खुर्ची मी ओढतो, वाढतो मी, ताटं मी उचलतो. निघताना साहेब हात पुढे करतात, मीही करतो... आणि ते नुसता हात दाबतात हो! घट्ट, प्रेमानं, रिकामा. आता व्याही झालो ना? काम तेच आहे, टिप तेवढी बंद झाली.