चौकटीले लावलेलं रॉकेल

माझं माहेर गिरडचं, टेकडीखाली घर. चौथीपर्यंत शिकली, मंग बाप म्हणे पुरे झालं, अन् वर्ध्याले देऊन टाकलं. नवरा कापसाच्या जिनिंगात होता, तिथंच मेला, त्याचं काही सांगत नाई. दोन पोरी होत्या. मले म्युझियममध्ये झाडूपोछ्याचं काम भेटलं अन् मागच्या अंगाले एक खोली. काम गेलं तर खोलीही जाईन, हे म्युझियमच्या साहेबानं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं.

आणीबाणी उठल्यावरचं साल असंन. एका मोठ्या चित्रकाराचं प्रदर्शन होतं, अर्धी चित्रं आमची, अर्धी नागपूरच्या म्युझियमची, दोघांचं मिळून. नागपूरच्या पेट्यांसंगं गणपत सुतार आला, चित्रं टांगाले. बोलका माणूस. मले म्हणे, बाई, हे चित्र उलटं का सुलटं तेवढं सांगा. मी म्हटलं, मले काऊन विचारता, कसंही टांगा, कोणाले समजते.

तो जेवाले गेलता. भिंतीशी टेकवलेल्या मोठ्या चित्राच्या मागं, चौकटीच्या लाकडाले मले उदई दिसली, तुम्ही वाळवी म्हणता ते, मातीची रेघ. आता काय सांगू तुम्हाले, घरच्या लाकडाले उदई लागली तर बाई काय करते? रॉकेल लावते, कोणाले विचारत नाई. मीही खोलीतून बाटली आणली, चिंधीनं दाबून दाबून लावलं, खालच्या फटीत वरून ओतलं. मले वाटलं, साहेब शाबासकी देईन.

सकाळी पाह्यते तर चित्राच्या खालच्या अंगाले हातभर काळा डाग, रंग फुगलेला. साहेब वरडला, हे कोणं केलं? मी दारात झाडू काखेत धरून उभी, हाताचा वास जात नव्हता म्हणून हात पदरात. गणपत म्हणे, साहेब, मी नाई केलं. साहेब म्हणे, तारपीनची बाटली तुझ्याच पेटीत आहे ना? गणपतनं माझ्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलते, आता बोलते. पोरी मागं खोलीत होत्या. तो बोलला नाई. मीही नाई बोलली.

दुपारच्या गाडीनं त्याले वापस धाडलं. जाता जाता म्हणे, येतो बाई, पोरींले जपजा. हे चांगल्या मनानं म्हटलं का टोमणा मारला, मले आजवर समजलं नाई. चित्रकार आला तेव्हा ते चित्र टांगलंच नव्हतं. गणपतची नोकरी गेली असं मंग ऐकलं. पुढं कितीक वर्षं नागपूरची जीप आवारात आली की मी संडासात जाऊन कडी लावत होती.

आता पोरी आपापल्या घरी आहेत, एक समुद्रपूरले, एक आर्वीले. साहेब मेला. मले आता कोणी काढत नाई, तरी भेव जात नाई, कारण गणपत जित्ता आहे का नाई हे मले माहीत नाई. तुम्ही लिहून राह्यले म्हणून सांगते. रॉकेल मी लावलं, सुतारानं नाई. हे खोडू नका, अन् खाली माझं नाव पूर्ण टाकजा.