खोगीरभरती

एलिनेड : ...सहा वर्षं हा पोनी माझ्या तबेल्यात होता, पण त्याने कधी कानसुद्धा वाकडा केला नाही. तुझ्याकडे येऊन वर्ष नाही झालं, शॉनेड, आणि थेट मुलीला पाडतो?

शॉनेड : दोनदा पाडलं, एलिनेडबाई. पहिल्या वेळचं आम्ही तुम्हाला कळवलंच नाही. म्हटलं, उगाच तुम्हाला वाईट वाटेल.

एमरिस : मनगट मोडलं माझ्या पोरीचं, आणि वाईट वाटायचं ते बाईसाहेबांना!

शॉनेड : एमरिस, तू मेंढ्या बघायला जाणार होतास ना?

एमरिस : मेंढ्या कुठं पळून जात नाहीत. मला हे तट्टू ट्रेलरमध्ये चढताना डोळ्यांनी बघायचंय.

एलिनेड : तट्टू नाही, पोनी म्हणायचं. या खोऱ्यातली निम्मी मुलं पुडिनच्या पाठीवर बसायला शिकली आहेत. माझी कॅरिस त्याच्यावरच शिकली. नुसतं पुडिनचं नाव काढलं की आया डोळे मिटून पोर वर बसवतात.

एमरिस : ठाऊक आहे की. माली पोटात होती तेव्हाच आमच्या हिनं नंबर लावला होता. मुलगा होणार का मुलगी ते ठरायचं होतं, पोनी ठरला होता.

एलिनेड : चांगला पोनी असाच मिळतो. तो बाजारात येत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात जातो. आणि जसा गेला तसाच परत यावा लागतो. बरं, तू काय काय करून बघितलंस ते सांग. दात दाखवलेस?

शॉनेड : दाखवले. दातवाला म्हणाला, दात उत्तम, पाठीचं बघा. पाठ चोळणारी बाई आली, ती म्हणाली, पाठ उत्तम, दातांचं बघा. मग ती फोनवर बोलणारी...

एलिनेड : कोणाशी बोलणारी?

एमरिस : तट्टाशी! हिनं फोटो पाठवला, आणि ती बया तिकडं कार्डिफमध्ये बसून त्याच्याशी बोलली. मी इथं शेजारी उभा. तो आपला चरत होता. आपण कोणाशी बोलतोय याचा त्याला पत्ताच नाही.

शॉनेड : ती म्हणाली, त्याला डोंगराची आठवण येते.

एमरिस : डोंगर आमच्या कुंपणापासून सुरू होतो!

एलिनेड : बास. मग घोडं पेंड कुठं खातंय ते मला बघू दे. पेंडेवरून आठवलं, खुराक काय देतेस? हा केवढासा झालाय! माझ्याकडून गेला तेव्हा कसा लोण्याच्या गोळ्यासारखा होता. आणि हे खुंटीवर काय टांगलंय? हे... हे मुस्कं आहे?

शॉनेड : हो. कुरणात सोडताना बांधते. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलंय. जाळीतून थोडं गवत येतं, अगदीच उपाशी नाही राहत...

एलिनेड : माझ्या पुडिनला मुस्कं! मग झाडणार नाही तर काय करणार तो? मुलीला पाडलं त्यात त्याचा काय दोष? तुला पाडायला हवं होतं.

एमरिस : हे बघा, उपाशी असो नाहीतर ढेकर देत असो. तुम्ही आज नेला नाहीत, तर मंगळवारी मी त्याला बाजारात उभा करतो.

शॉनेड : एमरिस!

एलिनेड : मुलांना पाडणारा पोनी बाजारात कोण घेतं, माहीत आहे ना तुम्हाला?

एमरिस : माहीत आहे. खाटीक.

शॉनेड : माली आयुष्यभर बोलणार नाही तुझ्याशी. कालसुद्धा प्लास्टरचा हात घेऊन त्याच्यापाशीच बसली होती. मुळात तसा नाही तो, एमरिस. झालं ते अचानकच. ईस्टरपर्यंत साधा होता. मग एक दिवस ती त्याला दुडकी चालवायला गेली आणि त्याने मागचे पाय झाडले. पाठीवर कोणी नसलं की गरीब गाय. खोगीर घातलं, वर कोणी बसलं, की पहिल्या दहा पावलांत अंगात येतं.

एलिनेड : खोगीर कुठलं घालतेस? माझंच ना? दुसरं नाही ना घातलंस?

शॉनेड : छे छे! तुमचंच. तुम्ही बजावलं होतं ना, पुडिनला पुडिनचंच खोगीर. त्याच्या मापाने बनवून घेतलंय म्हणून.

एलिनेड : ब्रेकन गावच्या कारागिराने. तो दोनदा माप घेऊन गेला होता. आण बघू इकडे. आणि हे खाली काय?

शॉनेड : ते... मेंढीचं कातडं. ते जरा हलायचं ना.

एलिनेड : आणि त्याच्या खाली?

शॉनेड : घोंगडी. दुमडून.

एलिनेड : आणि ही?

एमरिस : ती माझ्या आईची उशी. भरतकाम बघा, तिच्या हातचं आहे. आठ दिवस मी डोक्याखाली कोट घेऊन झोपतोय.

एलिनेड : शॉनेड, ही काय खोगीरभरती लावली आहेस? पोनीवर बसायचं आहे का बिछाना घालायचा आहे?

शॉनेड : तो बारीक होत गेला आणि खोगीर सैल होत गेलं. पोटाखालचा तंग आवळून आवळून पट्ट्याची भोकं संपली. मग मी एक घातलं, मग दुसरं...

एलिनेड : मग मला का नाही सांगितलंस?

शॉनेड : कसं सांगणार? तुमचं खोगीर, तुमचा पोनी. त्यात काही कमी आहे असं तोंडावर कसं म्हणायचं?

एमरिस : धर्माची गाय, अन् दात का गं नाय!

एलिनेड : खोगिरात काही कमी नाही. हे सगळं गाठोडं काढ. आता नुसतं खोगीर ठेव पाठीवर. बघ, कसं शोभतंय. आता मी मानेच्या मुळाशी, या हाडावर हात ठेवते, आणि तू वरून दाब. माली बसते तेवढा भार टाक. घाबरू नकोस. अजून दाब. आणखी... आई गं! सोड! सोड म्हणते ना!

(खोगीर जमिनीवर पडतं.)

एमरिस : बघा, बाईसाहेब पण झाडायला लागल्या.

शॉनेड : लागलं का खूप? पाणी आणते.

एलिनेड : काही नको. बोटं चिमटली. खोगिराच्या आतलं लाकूड थेट हाडावर बसतंय. ठीक आहे. म्हणजे सगळं सोपंच झालं. त्या बेव्हनबाईंच्या जुळ्यांना पोनी हवाच आहे. त्यांचं कुरण हिरवंगार आहे. महिनाभर मनसोक्त चरू दे, अंग भरलं की खोगीर पूर्वीसारखं चपखल बसेल.

शॉनेड : म्हणजे खोगिरासाठी पोनी फुगवायचा?

एलिनेड : खोगीर उत्तम कारागिराचं आहे, शॉनेड.

शॉनेड : नाही. एलिनेडबाई, नाही! तुम्हाला राग आला तर येऊ दे. तुम्ही पुन्हा कधी आमच्याकडे चहाला आला नाहीत तरी चालेल. पण तो त्या कुरणात जाणार नाही.

एमरिस : अरे वा!

शॉनेड : तू गप्प बस. तो आला त्या आठवड्यातच डॉक्टरांनी त्याची खुरं बघितली. गोड गवताने आतून सुजली होती. आजची नाही, फार जुनी सूज. डॉक्टर म्हणाले, हा कितीतरी वर्षं दुखऱ्या पायांवर चालतोय. अजून एक उन्हाळा असा खाल्ला तर उभाच राहणार नाही. म्हणून मुस्कं. आता कुठे पाय बरे झालेत त्याचे.

एलिनेड : आणि हे तू मला सांगितलं नाहीस.

शॉनेड : तेही वाईट वाटेल म्हणून.

एलिनेड : कितीतरी वर्षं म्हणाले डॉक्टर?

शॉनेड : हो.

एलिनेड : मुलं त्याला टाचा मारायची आणि तो हलायचा नाही. मी सगळ्या आयांना सांगायचे, बघा, किती सांभाळून चालतो माझा पुडिन, पाठीवर मूल आहे हे त्याला कळतं. कॅरिस त्याच्यावर एकदाही पडली नाही. कशी पडेल? तो पळायचाच नाही.

शॉनेड : तुम्हाला माहीत नव्हतं हो.

एलिनेड : मी त्याच्या त्या दुखण्याची बढाई मारत फिरले, शॉनेड. मला लाज वाटते आहे.

एमरिस : जाऊ द्या, बाई. आम्ही तरी काय, त्याच बढाईपायी नंबर लावला होता.

एलिनेड : प्लास्टर कधी सुटतंय मालीचं?

शॉनेड : पुढच्या महिन्यात.

एलिनेड : तोवर त्याच्यावर काही घालू नका. मग त्याच्या आताच्या पाठीचं माप घ्या आणि तुमचं खोगीर करा. माझं मी घेऊन जाते. चालेल ना, एमरिस?

एमरिस : पोरीला विचारतो. ती बसायला तयार असेल तर माझी काय बिशाद.

शॉनेड : आणि बेव्हनबाईंना काय सांगणार?

एलिनेड : सांगेन, शांत पोनी पाहिजे असेल तर आमच्याकडे नाही. सोड आता त्याला. आणि ते मुस्कं नीट बांध, डाव्या बाजूने सैल आहे.

एमरिस : अरे, अरे! ते बघा! पाठीवर खोगीर नाही, माणूस नाही, तरी कसा उधळलाय! आता काय दुखतंय याचं?

एलिनेड : काही नाही. मी त्याला पळताना पहिल्यांदाच बघते आहे.